आत्याबाईंची बेंबी

आमच्या गावात कुणाचं पोट दुखलं की पहिला दवाखाना म्हणजे आमची ओसरी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, बेंबी बसवायच्या. पार पुसेगावाहून माणसं यायची. ओझं उचललं, पाय खड्ड्यात गेला, पोट दुखायला लागलं, की बेंबी सरकली म्हणायचं आणि आमच्या ओसरीत येऊन आडवं व्हायचं. आत्याबाई दोन्ही करंगळ्या जुळवून बघणार, बेंबीवर कणकेचा दिवा लावून वर तांब्या पालथा घालणार, मग अंगठ्यानं पोट चोळणार. शेवटी गूळ-भाकर. हा त्यांचा कायदाच होता. बेंबी बसली की माणूस गूळ-भाकर खातो, खाल्ली न्हाई तर बसली न्हाई. निम्मी पोटं गॅसनं न् अपचनानं दुखलेली असायची. ती आपोआप बरी व्हायची आणि नाव तांब्याचं व्हायचं. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती होती?

हळद शिजवायचे दिवस होते. ओल्या हळदीची भरलेली पाटी त्यांनी एकटीनं उचलली. मी "राहू द्या" म्हणेपर्यंत ती डोक्यावर गेलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी बेंबीभोवती दुखू लागलं. "सरकली," त्यांनी स्वतःच निकाल दिला, स्वतःच आडव्या झाल्या आणि स्वतःच तांब्या लावला.

मी चहा नेऊन दिला तर म्हणाल्या, "नको." अहो, या बाईनं सख्ख्या दिराच्या मयतीतही चहा सोडला नव्हता! मग दुपारपर्यंत मला एक शिवी न्हाई. दूध उतू गेलं तरी न्हाई. तेव्हा मात्र मी हातातलं काम टाकून त्यांच्यापाशी जाऊन बसले.

दुपारी त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "बसली बघ बेंबी. मधलं दुखणं गेलं. आता निस्तं उजव्या अंगाला, खाली ठणकून राहिलंय. एरंडेल दे जरासं, मोकळी व्हते." नवरा खूश. "बघ, झाली आई बरी," मला म्हणाला आणि शेताकडं जायच्या तयारीला लागला.

मला पटेना. माहेरी माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं होतं. बेंबीपाशी सुरू झालं आणि मग उजवीकडं खाली उतरलं. सगळे म्हणाले, उतार पडला. उतार कसला, डोंबलाचा! अपेंडिक्स होतं. त्याला एरंडेल पाजलं, पोट चोळलं, आणि ते आतल्या आत फुटलं. पोरगं मरता मरता वाचलं.

आत्याबाईंच्या कपाळाला हात लावला तर अंग तापलेलं. न्हाणीकडं निघाल्या त्या कंबरेत वाकून, उजव्या बाजूला हात दाबून, एकेक पाऊल जपून टाकत. मी फडताळातली एरंडेलाची बाटली काढली आणि कमरेला खोचली.

"बाटली दे इकडं."

"देत न्हाई."

"काहून? सासू कोण हाय या घरात?"

"तुमीच. म्हणून तर तुमचाच कायदा चालवते." मी ताटलीत गूळ-भाकर घेऊन त्यांच्यापुढं ठेवली. "बसली ना बेंबी? मग खा."

माझ्याकडं डोळे वटारून त्यांनी घास मोडला, तोंडापाशी नेला, आणि वासानंच भडभडून उलटी झाली. हिरवं-पिवळं पाणी नुसतं.

"बसली न्हाई," मी म्हणाले. "आणि ही बसायची बेंबीच न्हाई."

आवाज ऐकून नवरा दारातून परत आला. "आईशी असं बोलतीस?"

"बोलते! आई जित्ती राहिली तर रुसंल तरी माझ्यावर. जा, गाडी आणा."

त्यानं एकदा आईकडं बघितलं आणि तो पळाला. शेजारच्या चाचांची ॲपे रिक्षा आली. हिंगोलीच्या वाटेवरचं नरसी येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला आत्याबाई "आई गं" करत होत्या. "हळू चालवून राहिलो, माय, बराबर नेतो," चाचा पुढून सांगत होते. तशातही आत्याबाई मला म्हणाल्या, "या खड्ड्यांनी तरी बसंल बघ." मी हसले न्हाई. आपण उशीर तर केला न्हाई ना, एवढंच डोक्यात होतं.

हिंगोलीच्या दवाखान्यात कोवळी डॉक्टरीण होती. तिनं उजव्या बाजूला पोट हळूच दाबलं आणि एकदम हात काढला. आत्याबाई किंचाळल्या.

"दाबल्यावर जास्त दुखलं का सोडल्यावर?"

"सोडल्यावर. पर बाई, तू आधी बेंबी बघ माझी."

"आजी, हे दुखणं आधी बेंबीपाशीच येतं," ती शांतपणे म्हणाली. "मग आपल्या जागेवर जातं. काही खाल्लंय? जुलाबाचं काही घेतलंय?"

मी कमरेची बाटली काढून दाखवली. बूच जसंच्या तसं. ती म्हणाली, "हे पोटात गेलं असतं तर अपेंडिक्स फुटायला वेळ लागला नसता." सोनोग्राफी झाली आणि आत्याबाईंना ऑपरेशनला आत नेलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला बघितलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"हळद वाळत घातली का तशीच कुजवली, भवाने?"

देवा रे! ती शिवी ऐकून मी रडले न् हसले, दोन्ही एकदमच. निवडणूक जिंकल्यासारखं वाटत होतं मला. गुलाल नव्हता, पण हात हळदीनं पिवळे होतेच की.

पावसाळ्याच्या तोंडाला गल्लीतली एक बाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. पोरगी ओटीपोट धरून वाकलेली. आत्याबाई तांब्याकडं वळल्याच न्हाईत. त्यांनी तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "कवापासून दुखतंय? ताप हाय का? उलटी? पाळी चुकली का, लेकी?"

"चुकलीय," पोरगी म्हणाली. "न् चक्कर येऊन राहिली."

"सूनबाई, चाचाला हाक मार. पाळी चुकून असं दुखणं जिवावर येतं, दवाखान्यात न्यायचंय हिला. आत्ताच्या आत्ता."

त्या बाईला पटेना. "अवो, तुमचा हातगुण हाय. जरा बेंबी तरी बघा."

"कसला हातगुण?" आत्याबाई कडाडल्या. "माझी मला बसवता आली न्हाई. ती बसवली हिनं, माझ्या सुनेनं. एरंडेल कमरेला खोचून."

लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून मी माझं कौतुक ऐकलं नव्हतं. मी दारात उभीच राहिले.

"उभी काय राहिलीस, भवाने?" त्या ओरडल्या. "पळ!"

मी पळाले.