मॅकफी साहेबाचं बाक

कर्जतच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती देवळात सागवानी बाकं किती, हे अंबूबाईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. अठरा! बावीस वर्षं तीच ती पुसत होती. घाटात गाड्यांना जोर लावणाऱ्या वाफेच्या इंजिनांचे स्कॉटिश ड्रायव्हर बायकापोरांसह त्यांवर बसत, आणि प्रत्येक बाकावर साहेबाच्या नावाची पितळी पट्टी, पहिल्यावर मॅकफी साहेबाची. अंबूबाई त्या पट्ट्या चिंचेनं घासायची. पण बाकावर टेकली मात्र कधी नाही. आपली मराठी माणसं व्हरांड्यात बसून दारातून स्तोत्रं ऐकायची, तशीच तीही.

मग सन तीसच्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली. झालं! ड्रायव्हर बदलून गेले, देऊळ ओस पडलं. मिशनच्या कमिटीनं कळवलं की पुण्याचे पाळक येऊन एक रविवार मराठीत उपासना घेतील. निम्मी बाकं भरली तर देऊळ चालू, नाहीतर कुलूप, आणि इमारत गोदामाला.

गोदामाला! अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा बाप्तिस्मा इथला, नवऱ्याचा शेवटचा निरोप इथला, आणि तिथं आता भाताची पोती रचणार? आठ दिवस ती नेरळपासून पळसदरीपर्यंत दारोदार फिरली. "या रं, आता आपल्या बोलीत हाय!"

आणि रविवारी माणसं आली की हो! भिसेगावातून आली, रुळांच्या कडेनं आली, डोंगराच्या वाड्यांवरूनही आली. अंबूबाईनं घंटा बडवली ती दोरी तुटेपर्यंत.

पाळक वेदीमागच्या दारानं आत शिरले आणि जागीच थबकले. अठराच्या अठरा बाकं रिकामी!

"अंबूबाई, कुणीच नाही?"

ती धावत बाहेर गेली. सगळी मंडळी नेहमीच्या सवयीनं व्हरांड्यात, पायऱ्यांवर, अंगणात मांडी घालून गुपचूप बसलेली.

"अरे, आत चला ना!" ती ओरडली. "बाकं भरायची हायत!"

रुळांवर गँगमन असलेला पळसदरीचा धाऊ उठला, आत डोकावला आणि मागं सरला. "त्यावर साहेबांची नावं हायत गं. आमी कसं बसायचं? तू तरी बसलीस का कधी?"

खरंच की! अंबूबाईला स्वतःचाच राग आला, असा राग की डोळ्यांत पाणी तरारलं. मग तिनं पदर खोचला.

"नाय ना बसत? मग उचला ती बाकं! काढा बाहेर!"

पाळक "अहो, अहो" म्हणेपर्यंत रूळ उचलणाऱ्या धाऊनं पहिलं बाक उचललंसुद्धा. हां हां म्हणता अठराही बाकं आंब्याखाली गेली. आत लख्ख फरशी मोकळी झाली आणि माणसं अशी घुसली की मुंगीला जागा उरेना. फरशीवर बसायला कुणाला परवानगी लागते?

तरी निम्मी माणसं बाहेरच राहिली. उन्हात उभं राहून पाय दुखू लागले तेव्हा एक म्हातारा आंब्याखालच्या बाकावर टेकला. मग दुसरा, मग त्यांची नातवंडं. अंगणात आलेलं बाक कुठल्या साहेबाचं?

पाळक मोजायला बाहेर आले आणि हसतच सुटले. "अंबूबाई, देऊळही भरलं, बाकंही भरली! काय कळवू कमिटीला?"

"जे दिसतंय ते कळवा!"

एकच जागा उरली होती, पहिल्या बाकावर, मॅकफी साहेबाच्या पट्टीशेजारी. आत मराठी स्तोत्र सुरू झालं होतं. अंबूबाई तिथं गेली, वाकली आणि सवयीनं पदरानं फळी पुसू लागली.

धाऊनं तिचा हात धरला. "पुसू नको गं आता. बस."

ती बसली.