विरामांचं मोजमाप

टेपचा तपकिरी थर सुटून माझ्या उजव्या तर्जनीला लागला आहे. डाग साधारण चार मिलिमीटरचा. एकावन्न वर्षं जुन्या टेपचा एवढा थर सुटणं अपेक्षितच आहे; पण जेवढा थर सुटतो तेवढा आवाज कायमचा जातो. म्हणजे मी उत्तर द्यायला जितके दिवस लावते आहे, तितकं थोडं थोडं पुसलं जातं आहे.

दुपारचे तीन. पुण्यातलं आमचं घर शांत आहे, अक्का पलीकडच्या खोलीत पडली आहे. कानांवर हेडफोन, समोर व्हर्नेल ग्रीअरचं फेब्रुवारीतलं पत्र. आता जुलै चालू आहे. तिच्या वस्तीतल्या मुलांना ऐकवायला तिला मूळ टेपा हव्या आहेत, न कापलेल्या. त्रेसष्ट ते त्र्याहत्तर अशी दहा वर्षं तिचे वडील, थॅडिअस ग्रीअर, शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका चर्चच्या तळघरात सॅक्सोफोन वाजवत. त्या शेवटच्या वर्षी ध्वनिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी तिथे एकोणीस शनिवार ध्वनिमुद्रण केलं. ठरलेली चाल किंवा ठेका न धरता वाजवलेल्या त्या संगीताला फ्री जॅझ म्हणतात. माझा प्रबंध त्यावर उभा आहे, आणि तो चुकीचा आहे. हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे, आणि मी कुणाला सांगितलेलं नाही.

सॅक्सोफोनचा एक सूर लांबत जातो. पंख्याची घरघर त्यात मिसळते. मी पायऱ्या उतरते आहे.

तळघरात घडीच्या खुर्चीवर मिस्टर ग्रीअर बसले आहेत, रुमालाने वाद्याचं तोंड पुसताहेत. ते अठ्ठ्याऐंशी साली गेले, हे मला आठवतं. त्याचं काही वाटत नाही. ते मराठीत बोलतात, तेही आमच्या सांगलीकडच्या, याचंही नाही.

"ये डॉक्टर, बस की," ते म्हणतात. पदवी मिळायच्या दोन वर्षं आधीपासून ते मला डॉक्टर म्हणत, चिडवायला. "झालं का मोजून?"

मी सांगते, झालं. चारशे बारा विराम. कुठलाही क्रम नाही, कशाशी संबंध नाही.

"कोणी कुणासाठी थांबत नाही, असं लिहिलंस."

"आकडे तसं सांगत होते."

"खोलीत कोण कोण बसलं होतं, ते आकड्यांना ठाऊक होतं का?"

विराम मोजायचं स्टॉपवॉच माझ्या हातात आहे, ते मी बंद करू पाहते. बटण दाबलं जातं, काटा थांबत नाही. पुन्हा दाबते. ते बघत राहतात, मदत करत नाहीत.

खुर्च्यांच्या जागी आता प्रयोगशाळेची टेबलं आहेत. माझ्या हातात पातं आहे आणि फरशीवर टेपचे तुकडे पडले आहेत, बोटभर, वीतभर. मूळ टेपांना मी कधी पातं लावलं नाही, प्रतीच कापल्या. वादक थांबले की तळघरातल्या बायका "हो, सांग" म्हणत, कोणी पाय आपटे, कोणी हसे. तेवढं सगळं कापून मी उरलेली शांतता मोजली. यादीत त्या तुकड्यांपुढे मी लिहिलं होतं: खोलीतला गोंगाट.

मिस्टर ग्रीअर एक तुकडा उचलून उजेडात धरतात. ही माझी आई, म्हणतात. मग घाई न करता सांगत जातात. आई मिसिसिपीतून चार मुलं घेऊन आगगाडीने आली. तिकडे कापसाच्या शेतात एका ओळीतून कोणी हाक देई, दूरच्या ओळीतून उत्तर येई. चर्चमध्येही तेच: एकाने सांगायचं, बाकीच्यांनी उचलायचं. शहरातल्या मोठ्या हॉटेलांत त्यांच्यासारख्या काळ्या माणसांना वाजवायला घेत, पण आत सोडत स्वयंपाकघराच्या दाराने. वस्तीतले क्लब एकेक करून बंद झाले. मग त्यांनी हे तळघर मागून घेतलं. नियम दोनच: दुसऱ्याची रचना वाजवायची नाही, आणि शनिवारी सकाळी वस्तीतल्या मुलांना फुकट शिकवायचं.

"पेपरवाल्यांनी लिहिलं, हे नुसते संतापलेत," ते म्हणतात. "संतापलो होतोच. पण संतापातसुद्धा समोरच्याला बोलायला जागा ठेवत होतो. ती जागा तू कापलीस."

"तुम्ही तेव्हा मला सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस. तू पाटी लावलीस. 'ध्वनिमुद्रण चालू आहे, शांतता राखा.' आमच्याच दारावर. आई तुला पाहुणी समजून गप्प बसली, पुढचे चार शनिवार."

मला म्हणायचं असतं की पाटीचा हेतू चांगला होता. स्टॉपवॉच चालूच आहे.

पायांखाली आता सतरंजी आहे. आमच्या गावचं शाळेचं मैदान, शाहिराचा डफ, समोर कंदिलांची रांग. मी आठ वर्षांची आहे आणि पातं अजून हातात आहे. मिस्टर ग्रीअर लांब पाय दुमडून शेजारी बसले आहेत.

"ते मागे दोघं उभे आहेत, ते कोण?"

"झीलकरी. शाहीर ओळ सोडतो, ते 'जी जी जी' म्हणून उचलतात."

"काप त्यांना."

माझा हात हलत नाही.

ते वाद्य ओठांना लावतात. चार सुरांची एक ओळ, आणि थांबतात. माझ्याकडे बघतात. मी स्टॉपवॉचकडे बघते. पुन्हा तीच ओळ, तोच विराम. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळाला आठी पडते.

"डॉक्टर, किती वेळ थांबवून ठेवणार? तुझी पाळी आहे."

मी टाळी वाजवते.

"उशीर केलास. पुन्हा."

पुन्हा चुकते. मला आता रडू येईल इतका राग आला आहे, त्यांचा आणि माझा. ते वाजवत राहतात, मी चुकत राहते, आणि ते दर वेळी तेवढीच जागा रिकामी सोडतात.

डोळे उघडतात. टेप संपली आहे. तिचं सुटं टोक चाकाबरोबर फिरत आपटतं आहे. माझे दोन्ही तळवे लालभडक झाले आहेत, चुरचुरताहेत. उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली सूज आहे.

अक्का दारात उभी आहे. "किती वेळ टाळ्या पिटत होतीस गं? डास मारत होतीस की आरती चालली होती?"

मी तिला तळवे दाखवते. ती पाणी आणायला जाते.

साडेपाचला शिकागोत सकाळचे सात वाजतात. तोवर मी टेबलाशी बसून राहते. मग नंबर लावते. व्हर्नेल कामावर निघायच्या घाईत आहे. आवाजात फारशी आशा नाही. पाच महिन्यांत मी तिला दोनदा 'विचार करते आहे' एवढंच कळवलं आहे. ती आधीच सांगून टाकते, मूळ टेपा जमत नसतील तर कापलेल्या प्रती पाठवा, मुलांना तेवढ्याही चालतील. मग ती बोलायची थांबते.

"नाही, कापलेल्या नकोत," मी म्हणते. "मूळ टेपा पाठवते आहे, एकोणीसच्या एकोणीस. आणि माझा प्रबंध चुकीचा आहे. ते मी माझ्या नावानिशी छापणार आहे."