सभागृहात न विचारलेला प्रश्न

आमच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय मी बावीस वर्षं सांभाळलं. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत दोन कपाटं, एक लांब टेबल आणि सकाळच्या एसटीनं येणारी वर्तमानपत्रं, एवढाच तो कारभार. माझं अक्षर चांगलं होतं आणि रोज पेपर वाचून सरकारी भाषा अंगवळणी पडली होती. त्यामुळं गावातले अर्ज-विनंत्या लिहायला लोक माझ्याकडंच यायचे. आमच्या आमदारांचे विधानसभेतले प्रश्नही पुढं मी लिहू लागलो, ते याच हातोटीमुळं.

ते आमदार आधी आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी. निवडून आल्यावर सगळं गाव त्यांना 'साहेब' म्हणायला लागलं. माझ्या तोंडून मात्र कायम 'सर'च निघायचं.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी मारुतीच्या पारावर त्यांची सभा झाली होती. त्यांनी खिशातून एक कागद काढला. आदल्या दिवशी वाचनालयात बसून तो मीच लिहिलेला होता. सरांनी तो सावकाश, वर्गात वाचावा तसा वाचला. त्यात लिहिलं होतं: प्रत्येक अधिवेशन संपलं की सभागृहात मी काय विचारलं आणि सरकारनं काय उत्तर दिलं, ते याच पारावर येऊन वाचून दाखवीन. माझ्या आणि माझ्या घरच्यांच्या मालमत्तेचा कागद दरवर्षी वाचनालयाच्या फळ्यावर लावीन. ज्या संस्थेत माझा हितसंबंध असेल, तिच्याबद्दल बोलायच्या आधी सभागृहात तसं जाहीर करीन. आणि आमदारांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणारी नीतिमूल्य समिती नेमा, अशी मागणी करीन. लोक गप्प बसून ऐकत होते. रस्ता, वीज, पाणी यांच्यापलीकडचं काही आमच्या पारावर पहिल्यांदाच बोललं जात होतं.

पहिल्या वर्षी त्यांनी शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. अधिवेशन संपल्यावर ते जीपमधून आले, चष्मा लावला आणि प्रश्न-उत्तरं वाचली. एका म्हाताऱ्यानं मध्येच विचारलं, "साहेब, ह्या उत्तराचा अरथ काय, व्हय का न्हाई?" सर हसले आणि त्यांनी पुन्हा सोपं करून सांगितलं. मालमत्तेचा कागदही फळ्यावर लागला. पंधरा-वीस दिवस लोक येऊन तो वाचायचे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. घरी बायकोला म्हणालो होतो, "बघ, असं कुठं झालंय का?"

दुसऱ्या वर्षी सर सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर गेले. कागद फळ्यावर लागला नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "कारखान्याचं जरा मार्गी लागू दे, मग सगळं एकदम लावू." पारावरचं वाचन मात्र सुरू राहिलं, जरा घाईघाईनं.

तिसऱ्या वर्षी पाऊस पडलाच नाही. दसऱ्याच्या आधीच ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या. गावात म्हातारी माणसं, लेकरं आणि जनावरं उरली. गावाबाहेरच्या वस्तीवर एक बाई होती, साठीच्या आसपासची. तिचं माहेर शिरूर कासारकडचं. तीस वर्षं तिनं ऊस तोडला होता. त्या साली खुब्याचं हाड दुखावलं म्हणून ती नातवंडांना घेऊन मागं राहिली होती. मी तिला मावशी म्हणायचो. एका सकाळी रस्त्यात मला अडवून ती म्हणाली, "टँकर गावाच्या आडावर येतो अन् तितूनच मागं फिरतो. आमच्या वस्तीवर एकदाबी आला न्हाई. पर ग्रामपंचायतीत म्हणत्यात, कागदावर रोज येतो. कागदावरचं पानी कोन पितंय, ते तरी सांग."

मी चौकशी केली. वस्तीची फेरी रोज लिहिली जात होती. टँकरचा ठेकेदार कारखान्यात सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा संचालक होता. हे मला माहीत होतं. तरी मी प्रश्न लिहिला, कारण सरांनी हितसंबंध जाहीर करून बोलायचं कबूल केलं होतं आणि त्यांच्या शब्दावर माझा अजून विश्वास होता. प्रश्न तारांकित होता, म्हणजे मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. त्यासोबत सरांना उपप्रश्न विचारायला सोपं जावं म्हणून वस्तीवरच्या लोकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून एक वेगळा कागद जोडला. मावशीला विचारलं, "तुमचं नाव घालू का?"

"घाल की. मी काय चोरी केली का? आणि त्यांचं उत्तर आलं की मला येऊन सांग. पारावर मला चालत यायला जमत न्हाई."

प्रश्न स्वीकारला गेला. आमचं कौतुक म्हणून सरांनी मला अधिवेशन बघायला मुंबईला बोलावलं. बीडहून रातराणीनं गेलो. त्यांच्या सहायकानं पास काढून दिला आणि मी प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. खाली सर आपल्या बाकावर होते. पांढरा सदरा, समोर कागद. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आपलं लेकरू स्टेजवर जायची वेळ आली की होतं तसं मला झालं होतं.

आमच्या आधी दोन प्रश्न होते. पहिला चालू असताना एक शिपाई सरांकडं चिठ्ठी घेऊन गेला. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली. दुसरा प्रश्न सुरू झाला तसे ते उठले आणि दाराकडं गेले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. मग आमच्या प्रश्नाचा क्रमांक पुकारला गेला. सरांचं नाव घेतलं गेलं. कुणीतरी म्हणालं, सन्माननीय सदस्य उपस्थित नाहीत. आणि पुढचा प्रश्न सुरू झाला. तो साखरेबद्दल होता. खाली एकाही माणसाच्या चेहऱ्यावर काही वेगळं घडल्याची खूण नव्हती. ती तिथली रोजची गोष्ट असावी.

दुपारी आमदार निवासात त्यांच्या खोलीवर गेलो. सर पलंगावर बसून घोटा चोळत होते. पाय सुजले होते.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"सर, तुम्ही उठून गेलात."

"चिठ्ठी आली होती."

"कुणाची?"

त्यांनी घोटा चोळणं थांबवलं. मग म्हणाले, "कारखान्याला सरकारची हमी मिळाली नाही तर यंदा गाळप होणार नाही. ती हमी ज्याच्या हातात आहे, त्याला टँकरचा प्रश्न नको होता. आपल्याकडची माणसं त्या कारखान्यावर जगतात. मी काय करायला हवं होतं, तूच सांग."

"हितसंबंध जाहीर करून बोलायचं होतं. तुम्हीच तसं म्हणाला होतात."

"म्हणालो होतो." त्यांनी पाय खाली घेतला. "अरे, त्या सभागृहात कुणाचा कारखाना आहे, कुणाचा दूध संघ, कुणाची बँक. मी नीतिमूल्य समिती मागायला उभा राहिलो तर मागून कोण हात वर करील? सगळ्यांनाच आपापल्या जागेवरून उठावं लागेल. हे मला वर्गात शिकवता आलं नाही, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं."

मी विचारलं, "मग पारावर काय वाचायचं?"

"लेखी उत्तर येईल. ते वाचू."

गावी परतलो त्याच संध्याकाळी वस्तीवर गेलो. मावशी दारातच बसली होती. "काय म्हनलं सरकार?" तिनं विचारलं. रस्ताभर मी खरं सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडून निघालं, "सरांची तब्येत बिघडली होती मावशी. प्रश्न राहिला."

"आरं बाबा," ती काळजीनं म्हणाली, "लई दगदग हाय त्यांना. पुढल्या टायमाला इचारतील."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती काठी टेकत वाचनालयात आली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. टेबलाशी बसलेल्या दोघांनी तिच्याकडं बघितलं आणि ते पेपर ठेवून निघून गेले. ती बाकावर टेकली, दम खाल्ला.

"काल ठेकेदाराचा मानूस आलता, फटफटीवर. मी तुला जे सांगितलं व्हतं ना, ते त्यानं माझ्या तोंडावर बोलून दाखवलं. कागदावरचं पानी कोन पितंय, हेबी. एक शबूद इकडचा तिकडं न्हाई. माझं बोलनं त्याच्या तोंडात कसं गेलं?"

मला उत्तर ठाऊक होतं. तो कागद मी फक्त सरांच्या हातात दिला होता. मग मी सगळंच सांगितलं. चिठ्ठी, दार, घोटा चोळत बसलेले सर, सगळं. ती ऐकत राहिली.

"मंग तू मला खोटं कावून सांगितलं?"

"लाज वाटली, मावशी."

"तुला कावून लाज? तू काय बी केलं न्हाईस." मग जरा थांबून म्हणाली, "न्हाई, केलंस. मला खोटं सांगितलंस."

वस्तीच्या टँकरबद्दल मी तहसीलला माझ्या सहीनं अर्ज दिला. पोच मिळाली, बाकी काही नाही.

अधिवेशन संपल्यावर सर पारावर आले. या वेळी तीन गाड्या होत्या, हार होते, ठेकेदारही मागं उभा होता. माझ्या मनात काही बोलायचं होतं का, होतं. बोललो नाही. मावशीला कुणीतरी बैलगाडीतून आणलं होतं. सरांनी वाचन संपवलं तशी ती बसल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, टँकरचं राहिलं."

सरांनी कागद चाळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "आलंय उत्तर, मावशी," असं म्हणून त्यांनी वाचलं. वस्तीवर टँकर जात नाही, हे खरे आहे काय? हे खरे नाही. असल्यास, कोणती कारवाई केली? प्रश्न उद्भवत नाही.

"काय खरं न्हाई?" ती म्हणाली. "माझी रिकामी घागर?"

काही लोक हसले. सरांनी हात जोडले. "मावशी, हे सरकारचं उत्तर. माझं उत्तर असं, की उद्यापासून टँकर तुमच्या दारात येईल." टाळ्या वाजल्या. जोरात वाजल्या. ती टाळ्या वाजवणाऱ्यांकडं बघत राहिली, जणू त्या टाळ्या दुसऱ्याच कुणासाठी होत्या.

टँकर नऊ दिवस आला. मग बंद झाला. पुढच्या हंगामात मावशी तसल्याच पायानं तोडीला गेली. म्हणाली, उसाच्या फडात निदान पाणी तरी असतं.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी सरांचा सहायक माझ्याकडं आला. वचनांचा कागद पुन्हा लिहायचा होता. नवं वचन असं, की मालमत्ता, प्रश्न, हजेरी सगळं आता मोबाइलवर दिसेल. "तुमच्यासारखं कुणाला जमत नाही," तो म्हणाला. मी सांगितलं, नजर कमी झालीय. खरं कारण सांगितलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. पण भांडायलाही जो जोर लागतो तो माझ्यात उरला नव्हता. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं. छापील, गुळगुळीत कागदावर. सर निवडून आले. मोबाइलवर काय दिसायचं ते मी कधी उघडून बघितलं नाही. ज्यांनी बघितलं, ते म्हणाले, एक फोटो आणि नमस्कार आहे.

सरांची माझी शेवटची भेट केजला एका लग्नात झाली. मंडपात गर्दी होती. मला बघून ते माणसांतून वाट काढत आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. केस पुरते पांढरे झाले होते.

"अजून रागावलेला आहेस का?"

"नाही सर."

"मग येत का नाहीस?"

"काय करू येऊन?"

त्यांनी मान हलवली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्टेजवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं, नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला. ते खुर्चीच्या हाताला धरून उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जेवून जा रे." आणि गेले.

मी पंगतीला बसलो. जेवलो. बाहेर वडाप जीप भरत आली होती, तिच्यात मागच्या बाकावर जागा मिळाली.