खूण न केलेला स्क्रू

लोक लॅपटॉपला शिव्या घालतात त्या तो बिघडला म्हणून. माझा लॅपटॉप घरात आला तेव्हाच बिघडलेला होता, आणि तशाच अवस्थेत त्याने चार महिने इमानेइतबारे काम केलं. मग मी तो दुरुस्त केला. तिथे सगळं संपलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सिल्वासाजवळच्या सायलीतल्या एका सुताच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. धुळ्याकडून आलेला, आयटीआय केलेला, आणि स्वतःच्या हातावर जरा जास्तच खूश असलेला माणूस. नवा फिटर आला की त्याला पहिल्याच दिवशी मशीनपाशी उभं करून मी धडा द्यायचो, "हे बघ भाऊ, स्क्रू कुठलाही असो, ढिला करायच्या आधी खूण कर. खडूने कर, खिळ्याने कर, बायकोची टिकली लाव, पण खूण कर. निघालो कुठून तेच माहीत नसेल तर परत कुठे जाणार?" हा शेवटचा प्रश्न मला फार आवडायचा. घरी जेवतानासुद्धा तो मी चार-दोनदा ऐकवला होता.

एका दिवाळीत बंद पडलेली लाइन मी सणाच्या दिवशी येऊन चालू केली, म्हणून शेठने आपला जुना लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. "ले जा. मशीन का डॉक्टर है ना तू? इसको भी बचा ले." मी तो छातीशी धरून सिल्वासातल्या आमच्या दोन खोल्यांत आणला. बायकोने पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा बक्षीस दिलाय की टाकायला दिलाय?"

प्रश्न रास्त होता. बॅटरी मेलेली होती, वायर जराशी हलली की प्राण जायचा. पडदा बिजागरीतून सुटलेला, तो मागे सुताचा कागदी कोन टेकवून उभा करायचा. दोन बटणं उखडली होती, तिथे मी खोडरबराचे तुकडे चिकटवले. माऊसऐवजी अंगातच एक गोळा बसवलेला होता, तो उजवीकडे खुशीने जायचा आणि डावीकडे जायचं म्हटलं की रुसायचा. प्रिंटरची वायर जिथे लावायची तिथल्या पिना मोडलेल्या. आतली हार्ड डिस्क सुट्या बॉबिनसारखी टकटकायची, तिच्यावर काही ठेवायची माझी छाती नव्हती. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर असता तर एकेक भाग काढून दुसरा टाकला असता. इथे सगळं एकाच पोटात शिवलेलं. धडधाकट अशी एकच गोष्ट होती, फ्लॉपी ड्राइव्ह. फ्लॉपी आत गेली की घर्र आवाज करून वाचायचा, लिहायचा, कधी अडखळला नाही. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, "बाकी सगळं गेलंय, पण याची फुफ्फुसं शाबूत आहेत."

आता बायकोचं सांगतो, कारण गोष्ट तिची आहे. माझा त्यात फक्त गुन्हा आहे.

ती वसईकडची, किलवणीच्या शाळेत पहिलीला शिकवायची. वर्गात वारली, कोकणा, धोडिया घरांतली मुलं. तिने पुस्तकातला शब्द वाचला की मुलं तिच्याकडे अशी बघायची, जणू बाई भिंतीशी बोलतायत. मग ती मुलांचेच शब्द लिहून घ्यायला लागली. शाळेत पाणी भरणारी एक म्हातारी होती. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात पाय पसरून बसायची आणि शब्द द्यायची, जसं कुणी मूठमूठ शेंगा द्याव्यात. बायको ते लिहायची मी कारखान्यातून आणलेल्या लेबलांवर. चुकीचा नंबर छापलेली ती जाड लेबलं पाठीमागून कोरी असायची. आमचं घर अशा मालावरच चालायचं. खोक्यांचं कपाट, कोनांच्या कुंड्या, आणि न्हाणीघरात बंब पेटवायला कारखान्यातला कागदी कचरा.

अकरा वर्षांत लेबलांची तीन खोकी भरली. बांबूच्या पेरात साठलेल्या पाण्याला एक शब्द. शेजाऱ्याकडून विस्तव आणताना तो वाटेतच विझला, तर त्या विझण्याला एक. अंड्यांवर बसायचं सोडून भटकणाऱ्या कोंबडीला एक. मला अर्थ आठवतात. शब्द आठवत नाहीत.

म्हातारी एका उन्हाळ्यात गेली. त्यानंतर वर्षभराने शिक्षण खात्यातल्या एका साहेबांनी ती खोकी पाहिली आणि म्हणाले, "बाई, याचं पहिलीसाठी पुस्तक करू. टाइप करून फ्लॉपीवर द्या." त्या दिवशी बायकोने घरी येऊन शिरा केला. अकरा वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि तीही स्वतःसाठी नव्हतीच.

"टायपिंग माझ्याकडे," मी म्हणालो.

"तुम्ही? त्या डबड्यावर?"

"डबडं म्हणू नकोस. फुफ्फुसं शाबूत आहेत."

चार महिने मी सुट्टीच्या दिवशी आणि पाळी संपल्यावर टाइप केलं. दोन बोटांनी, खोडरबर दाबत. सात फ्लॉप्या झाल्या. प्रत्येकीची दुसरी प्रत काढली, म्हणजे चौदा. हुशारी बघा माझी. आणि प्रत्येक प्रत आत घालून उघडून बघितली, की नीट वाचते ना. याच लॅपटॉपमध्ये.

लेबलांचं काय करायचं, असं तिने विचारलं होतं. "ठेवूया का हो?" खोकी पलंगाखाली होती, त्यांना ओल येऊन वाळवी लागायला लागली होती. मी म्हणालो, "अगं, दोन-दोन प्रती आहेत. हे आता कशाला?" टाइप झालेला गठ्ठा मी रोज सकाळी बंबात घालायचो. जाड कागद, छान पेटायचा. बरेच दिवस आम्ही दोघांनी तिच्या शब्दांवर तापवलेल्या पाण्याने अंघोळ केली. पाणी चांगलं कडक व्हायचं, हेही मी तेव्हा कौतुकाने बोललो होतो.

फ्लॉप्या द्यायला मीच गेलो. ऑफिसातला कॉम्प्युटरवाला रत्नागिरीकडचा, पान खाणारा, सावकाश माणूस. त्याने पहिली फ्लॉपी आत घातली. पडद्यावर ओळ आली की ही डिस्क कोरी आहे, तयार करू का?

"करू?" त्याने बोट बटणावर नेलं.

तयार करणं म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. मी असा ओरडलो की शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या हातून चहा सांडला. दुसरी घातली, तेच. चौदाच्या चौदा कोऱ्या. मी धावत घरी आलो, लॅपटॉपमध्ये घातल्या. सगळं जागच्या जागी. पुन्हा ऑफिसात गेलो, कोऱ्या. त्या उन्हात मी तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला तो माणूस पान बाजूला सारून हसला.

"मिस्त्री, फ्लॉपी चांगली आहे हो. तुमचा ड्राइव्ह वाकडा आहे. हेड सरकलंय त्याचं. तो आपल्या वाकड्या रेषेवर लिहितो, आपल्याच वाकड्या रेषेवर वाचतो. त्याला वाटतं आपण बरोबर. जगाला काही दिसत नाही."

"मग?"

"मग काय, पडद्यावर बघून हाताने उतरवून काढा. मी इथे पुन्हा टाइप करतो. साहेबांना सोमवारपर्यंत हवंय, पण चार दिवस थांबतील ते. आणि एक सांगतो, तोवर ड्राइव्हला हात लावू नका." त्याने आपली एक चालू फ्लॉपी मला दिली. "ही तुमच्याकडे घालून बघा. तुमचा तो हिला कोरी म्हणेल."

म्हणालाही. माझा डबा जगातल्या सरळ फ्लॉपीला कोरी म्हणत होता.

ते ऐकून बायको शांतपणे उठली, कोपऱ्यावरून दोनशे पानी वही घेऊन आली आणि माझ्या शेजारी पाट ओढून बसली. "चला. तुम्ही पान सरकवा, मी लिहिते." त्या शुक्रवारी संध्याकाळी तिने दोन पानं उतरवली, सगळी पाखरांची नावं. मध्ये हात दुखला म्हणून झटकला, पुन्हा लिहायला लागली. गोळा डावीकडे जाईना म्हणून मी वैतागलो होतो.

"हे असं महिनाभर चालेल," मी म्हणालो.

"चालू दे. अकरा वर्षं चाललं, त्यात एक महिना."

शनिवारी तिची सकाळची शाळा, मला दुपारची पाळी. ती किलवणीला गेली. जाताना वही पडद्यासमोर उघडी ठेवून गेली, मध्ये पेन. मी त्या वहीकडे बघितलं आणि मला तिची दया आली. इथेच घात झाला. रागाच्या भरात माणूस इतकं नुकसान करत नाही. सुताची शेकडो चक्रं एका रेषेत आणणारा मी, हे बोटभर हेड मला सरळ करता येत नाही? ती दुपारी येईल, मी म्हणेन, "वही ठेव. जा, शिरा कर."

लॅपटॉप पालथा घातला. झाकण काढलं. ड्राइव्हचं हेड पुढेमागे नेणाऱ्या बारक्या मोटरला दोन स्क्रू होते, त्यांवर बनवणाऱ्यांनीच जागा कळावी म्हणून लावलेला लाल लाखेचा ठिपका. तो ठिपका मी नखाने खरवडून काढला. पुन्हा सांगतो, कारण मला स्वतःलाच हे नीट ऐकायचंय: जी खूण होती, ती मी नखाने काढून टाकली. घाण वाटली ती मला.

स्क्रू ढिले केले. ऑफिसवाल्याची फ्लॉपी आत घातली आणि मोटर केसभर फिरवून बघितली. नाही. आणखी केसभर. नाही. इकडे, तिकडे. तासाभराने घर्र झालं आणि पडद्यावर त्याच्या फाइलींची नावं झरझर आली. मी एकटाच खोलीत टाळी वाजवली. स्क्रू आवळले. घट्ट आवळले, माझी सवयच तशी. मग ऐटीत बायकोची पहिली फ्लॉपी आत सारली.

डिस्क कोरी आहे, तयार करू का?

मला समजायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. ड्राइव्ह आता सरळ झाला होता. जगासारखा. जगाला दिसत नव्हतं ते आता त्यालाही दिसत नव्हतं. ती वाकडी रेष वाचणारं एकच यंत्र या पृथ्वीवर होतं, आणि ते मी सकाळचा चहा पिऊन सरळ केलं होतं.

स्क्रू पुन्हा ढिले केले. मागे फिरवलं. पण मागे म्हणजे कुठे?

ती आली तेव्हा जमिनीवर चौदा फ्लॉप्या पसरलेल्या होत्या आणि मी पाळीला गेलो नव्हतो. तिने पर्स खुंटीला अडकवली. उघडलेला लॅपटॉप बघितला.

"काय केलंत?"

मी सांगितलं. हेड, रेष, मोटर, सगळं शास्त्र सांगितलं. माणूस चोरी करताना सापडला की फार शास्त्रशुद्ध बोलतो. शेवटी तिने एवढंच विचारलं, "खूण केली होती?"

मी जमिनीवरच्या फ्लॉप्या गोळा करायला लागलो.

"नवीन पोरांना सांगता ते," ती म्हणाली. "टिकली तरी लावायची होतीत."

तिने कपाळाला हात लावला तो सहज, घाम पुसायला. मला ते बघवेना.

साहेब थांबले, चांगले महिनाभर थांबले. मग दुसऱ्या कामांचे कागद त्या कामावर बसले, त्यात त्यांचा दोष नाही. बायकोने आठवणीतून लिहायला घेतलं, चारेकशे शब्दांवर हात थांबला. वर्गातल्या मुलांना विचारायची. त्यांना अर्धे माहीत नसायचे. ती म्हणायची, "हे आजीला विचार हं घरी." पोर मान हलवायचं आणि विसरायचं. तिच्या वर्गातली जुनी मुलं आता आमच्याच कारखान्यात पाळीवर यायला लागली होती. मी एकाला विचारलं, बांबूतल्या पाण्याला तुमच्यात काय म्हणतात रे? तो हसला. "पानी ही बोलते हैं ना, मिस्त्री." त्या म्हाताऱ्या पाणीवालीला विचारायची सोय नव्हती.

मी मात्र सोडलं नाही. पुढची दोन-तीन वर्षं दर रविवारी तो डबा उघडायचो आणि स्क्रू केसभर फिरवायचो. एकदा फाइलींची नावं दिसली. मीच दिलेली, पाखरं, मासे, शेत, विस्तव. नावं दिसायची, आतलं उघडायचं नाही. बंद दुकानांच्या पाट्या वाचत रस्त्याने हिंडावं तसे मी ते रविवार काढले. बायको बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसायची. तिने कधी थांबवलं नाही, कधी येऊन बघितलंही नाही.

मग एका रविवारी 'विस्तव' उघडली. घर्र, घर्र, आणि पडद्यावर ओळी. वरच्या नऊ-दहा ओळी धड, खाली सगळी चौकटी-फुल्यांची भुसभुस. मी हाक मारली, "अगं ये! लवकर ये! हलवू नकोस काही, नुसती ये!" ती कणकेच्या हाताने आली. हात मागे धरून वाकली आणि ओळीवरून ओळ वाचत गेली. ओठ हलत होते. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग सरळ उभी राहिली.

"हे शब्द मला आठवतच होते," ती म्हणाली, आणि कणीक मळायला आत गेली.

मी खिळा घेतला आणि स्क्रूच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत एक बारीक, सरळ ओरखडा काढला. त्या खुणेवर तो ड्राइव्ह पुन्हा कधी एक अक्षर बोलला नाही. लॅपटॉप अजून माळ्यावर आहे. खूण एकदम व्यवस्थित आहे.