दाजींच्या नडगीतला काटा

जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ पायात रुतलेल्या काट्यात असतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. वेल्ह्यापासून चालत अर्ध्या तासावर दाजींचं घर. टोपीच्या दुमडीत सुई कायमची. कुणी जरा लंगडताना दिसलं की दाजी त्याला धरून बसवणार, पाय मांडीवर घेणार आणि काटा बाभळीचा की करवंदीचा ते नुसतं बोट फिरवून सांगणार. एकदा स्टँडवर कंडक्टर पाय ओढत चाललेला दिसला. दाजींनी त्याला एसटीच्या पायरीवरच बसवलं. काटा निघेपर्यंत गाडी हलली नाही, आणि आतले प्रवासी खिडक्यांतून सल्ले देत राहिले. मी दाढदुखीने कळवळत गेलो, तर मला म्हणाले, "पावनं, आधी तळपाय दावा."

काही वर्षांपूर्वी भातझोडणीच्या सुमारास त्यांच्याच दोन्ही नडग्यांवर लालबुंद गाठी उठल्या. सुपारीएवढ्या, गरम, धोतराचा काठ लागला तरी जीव कळवळावा अशा. निदान ठरलेलंच. दोन दिवस सुईने कोरलं, काटा सापडेना. "लई खोल गेलाय," म्हणत त्यांनी वर बिब्बा लावला. गाठी होत्या तिथेच राहिल्या, फोड आले ते वेगळेच. ताईचा फोन आला तसा मी गेलो आणि त्यांना जवळजवळ उचलूनच नसरापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नडग्या पाहिल्या आणि विचारलं, "खोकला किती दिवस आहे?" दाजी छताकडे बघू लागले. ताई म्हणाली, "दोन महिनं झालं. भाताचा धुरळा हाय म्हनत्यात."

तपासणीत टीबी निघाला. गाठी त्याच्यामुळेच आल्या होत्या. "सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, मग ठणठणीत," बाई म्हणाल्या. दाजींनी विचारलं ते एवढंच, "बाई, हे भोरात कळंल का?" भोरात त्यांच्या धाकट्या लेकीची सोयरीक जुळत होती, आणि रविवारी बोलणी होती. खोकला का लपवला ते मला तेव्हा समजलं.

रविवारी पाहुणे आले. गप्प राहायचं असं आमचं ठरलं होतं. दाजी तोंडाला रुमाल बांधून अंगणात लांब बसले होते. चहा आला आणि त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. "मला टीबी झालाय. औषिद चालू हाय. लपवून पोरगी देनार न्हाई. आता तुमी सांगा." मुलाचे वडील, निवृत्त शिक्षक, वाकून त्या नडग्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गोळ्या संपल्या की तारीख काढू. मात्र रोज सकाळी सातला मी फोन करणार."

पुढे सहा महिने तो फोन आला. "गोळी घेतली?" "घेतली." बस्स. गाठी विरल्या, लग्न झालं, तरी सातचा फोन थांबला नाही. गोळीच्या जागी पाऊस आला, भात आला, नातू आला. सख्ख्या भावाशी दाजी एवढं कधी बोलले नसतील. गेल्या थंडीत व्याही वारले.

परवा मी ताईकडे मुक्कामाला होतो. सकाळी सातला दाजी मोबाईल घेऊन, रेंज मिळते त्या बांधावर जाऊन उभे राहिले. ताई हळूच म्हणाली, "रोज जात्यात. मी काय बोलत न्हाई." सव्वासातला ते परत आले आणि त्यांनी चहा मागितला.