स्टेशनवर

२००४ च्या जानेवारीत, एका शनिवारी, शिकागोच्या चायनाटाउन स्टेशनच्या दारात माझा नवरा गेला. मी त्या वेळी वर, फलाटावर होते.

तिथला फलाट रस्त्याच्या डोक्यावर आहे. खाली दाराशी लाल खांब, छताच्या कडेला हिरवी कौलं, चौकटीवर सोनेरी ड्रॅगन, आणि स्टेशनचं नाव इंग्रजीखाली चिनी अक्षरांत. ती अक्षरं नवरा हाताला लागेल त्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि मला विचारायचा, "ओळख, काय लिहिलंय?" मी म्हणायचे, "उशिरा येणाऱ्यांना जेवण मिळणार नाही." तो दर वेळी हसायचा, कारण उशीर त्यालाच व्हायचा.

मी शहराच्या दक्षिणेला इतिहासात पीएच.डी. करत होते आणि तो शहराबाहेर, शॉमबर्गला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमची घरं दोन होती. शनिवारी दोघं दोन दिशांनी येऊन इथे उतरायचो. जो आधी येईल त्याने फलाटावरच्या हीटरखाली थांबायचं, मग दोघांनी मिळून खाली उतरायचं आणि नूडल्स खायच्या. आमचा संसार बराचसा तेवढाच होता.

त्या सकाळी त्याचा फोन आला.

"अगं, आज ट्रेन नाही. ऑफिसातला एकजण तिकडेच चाललाय, तो गाडीने सोडतोय."

"म्हणजे आज वेळेवर येशील?"

"टोमणे भेटल्यावर मार. अकराला, स्टेशनवर."

"मी पुस्तक घेऊन येते."

"दोन आण. एकाने तुझं भागायचं नाही."

आपण स्टेशनवर म्हणतो तेव्हा त्यातला 'वर' कुणी ऐकत नाही. मी ऐकला. गाडीने येणाऱ्या माणसाला स्टेशन म्हणजे रस्त्यावरचं दार, हे माझ्या लक्षात आलं नाही. मोबाइल एकच होता आणि तो त्याच्याकडे होता.

मी अकराला पाच कमी असताना पोहोचले आणि हीटरखाली उभी राहिले. चिनी नववर्षाचे दिवस होते. खाली कुठेतरी मिरवणुकीचा सराव चालला होता. ढोल आणि झांजा वाजत होत्या. मध्येच ॲम्ब्युलन्सचा आवाज आला. शेजारून हायवे जातो, तिथे तो आवाज सतत असतो. मी पान उलटलं. साडेअकराला मला राग आला. पावणेबाराला, आज याला चांगलं सुनवायचं असं ठरवून मी जिना उतरले.

दाराशी बर्फात फटाक्यांचे लाल कागद पडले होते. एक पोलीस हातात नवऱ्याचं पाकीट घेऊन त्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वायरलेसवर वाचून दाखवत होता. त्याला ते नाव नीट वाचता येत नव्हतं. मी ते बरोबर करून सांगितलं. त्यानंतर मी कोण हे वेगळं सांगावं लागलं नाही.

हृदय अचानक बंद पडलं होतं. चौतिसाव्या वर्षी असं होतं, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, कुणी जवळचं असतं तर? त्यांनी मान हलवली. काही फरक पडला नसता. माझा प्रश्न तो नव्हता, पण मला दुसरा मांडता आला नाही.

तीन आठवड्यांनी मी तिथे पुन्हा गेले. स्टेशनसमोर फळांचं दुकान आहे. तिथल्या म्हातारीने त्याच्या डोक्याखाली स्वतःचा कोट घातला होता, असं मला पोलिसांकडून कळलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिची मुलगी मध्ये बोलत होती.

"आई म्हणते, तो शुद्धीवर होता, पण त्याला बोलता येत नव्हतं."

म्हातारीने आपला उजवा हात उचलला आणि बोट वर केलं. एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा.

"असं दोनदा केलं त्याने. आई म्हणते, तो आभाळाकडे दाखवत होता. त्याला सगळं कळलं होतं. तुम्ही काळजी करू नका."

तिच्या बोटाच्या रेषेत आभाळ नव्हतं. फलाट होता. मी दार सोडून कुठे असेन, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो जमलेल्या लोकांना सांगत होता, आणि त्यांनी ते देवावर सोडलं. कुणीतरी जिना चढून यायला हवं होतं. मी म्हातारीचे आभार मानले. तिने संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या हाताला धरून बराच वेळ उभी राहिली.

त्याच रात्री सासूबाईंचा नागपूरहून फोन आला. "शेवटी काही बोलला का गं?"

"बोलला नाही. वर बोट दाखवलं, असं ती बाई म्हणाली."

मग त्या म्हणाल्या, "जन्मभर देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहिला. पण आठवला बघ त्याला देव." त्या रडत होत्या, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला होता. मी म्हणाले, "हो, आई."

याला आता चार वर्षं झाली. माझी पीएच.डी. पूर्ण झाली, मी याच शहरात शिकवते. सासूबाईंना मी काही सांगितलेलं नाही.