मांडवावरचं ऊन

मे महिन्यात आमच्याकडे येणारा पाहुणा ओटीवर पंख्याखाली पाय पसरतो, ताकाचा दुसरा पेला मागतो आणि मला विचारतो, "मग, तुम्ही घरीच असता ना?" हो, घरीच असते. पहाटे पाचला विहिरीवरचा पंप घरीच लावते. साडेसहाला केळी सोलायला घरीच बसते. नऊला मिरच्या उन्हात घालते, दहाला त्या मिरच्यांवरून कोंबड्या हाकलते, दुपारी कैऱ्या किसते, पापडाच्या लाट्या करते आणि मधल्या वेळात सुट्टीला आलेल्या दहा-अकरा माणसांचा स्वयंपाक करते. मग पाहुणा जायला निघाला की पिशवीतून रिकामा डबा काढतो आणि म्हणतो, "सुकेळी थोडी जास्तच घाला हं, आमच्या शेजाऱ्यांनाही आवडतात."

पूर्वी मी हसून डबा भरायची. या उन्हाळ्यात हसले नाही. आमच्या घरात त्यावरून माझी बरीच नालस्ती झाली आहे, तेव्हा काय झालं ते माझ्या तोंडून एकदा सांगून टाकते.

आमची वाडी आगाशीजवळ. माझं माहेर मात्र आचोळ्याचं, दोन खोल्यांच्या फ्लॅटातलं. तिथे गॅलरीत दोरी एक आणि ऊन तासाभराचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा एवढं मोठं अंगण आणि त्यात सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत ऊन, हे बघूनच मी खूश झाले होते. अंगणाच्या मधोमध कमरेएवढ्या उंचीचा बांबूचा मांडव. त्यावर सासूबाई सुकेळी घालायच्या. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर ओळीने मांडायची, दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी गोळा करून वाळक्या केळीच्या पानांत झाकून टोपलीत ठेवायची, सकाळी पुन्हा मांडवावर. असे सहा-सात दिवस. शेवटी केळं आक्रसून बोटाएवढं होतं, तपकिरी, चिवट आणि गोड. ऐकायला सोपं वाटतं.

खरी मेख तिसऱ्या दिवशी असते. तिसऱ्या दिवशी केळ्याला मध सुटतो. त्या दिवशी एकेक केळं हातात घेऊन अंगठ्याने दाबायचं आणि फिरवून ठेवायचं. कुठलं नीट वाळतंय, कुठलं आतून आंबायला लागलंय, हे डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्यालाच कळतं. आंबलेलं एक जरी टोपलीत गेलं तर रात्रीत बाकीचीही नासतात. म्हणून तिसऱ्या दिवशी मांडवाला घरातल्या एकाच बाईचा हात लागतो. बाकीच्यांनी सोलायचं, मांडायचं, माश्या वारायच्या आणि लांब राहायचं. सासूबाईंच्या सासूने त्यांना एकोणीस वर्षं लांब ठेवलं होतं. मग एका उन्हाळ्यात म्हणाल्या, आजपासून मांडव तुझा. आमच्याकडे याला मांडव देणं म्हणतात. त्याला ना मुहूर्त, ना हळदीकुंकू. ती बाई बाजूला होते आणि पुढची पुढे होते, इतकंच.

मी सतरा उन्हाळे लांब होते. पहिली पाच वर्षं मला वाटलं, मी फ्लॅटातली म्हणून मला हात लावू देत नाहीत. पुढची पाच वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. सोलून सोलून माझी नखं काळी व्हायची आणि कौतुक कुणाचं, तर त्यांच्या अंगठ्याचं. एकदा मी तोंडावर बोलले, "आई, मला एकदा दाबून तर बघू द्या." त्या म्हणाल्या, "घाई कोनाला हाय? मांडव कुटं पलून जातोय?"

मागच्या मे महिन्यात, शेवटची खेप बांधताना, त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुडच्या उन्हाल्यात मांडव तुझा." मी आत जाऊन उगाच डाळीचा डबा उघडला आणि बंद केला. लग्नात झाला नव्हता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला.

आता जमिनीचं सांगते. अंगणाच्या पूर्वेला आमचाच मोकळा तुकडा होता. तीन वर्षांपूर्वी तो बिल्डरला दिला. माझे मोठे दीर, मी त्यांना भाऊजी म्हणते, त्यांनी व्यवहार जमवला आणि माझ्या नवऱ्याने मान हलवली. ओटीवर बैठका झाल्या. चहा मी केला. काय काय राखायचं याची यादी झाली. विहीर आपल्याकडे. विहिरीपर्यंतची वाट आपल्या वहिवाटीची. फणसाला हात लावायचा नाही. कोपऱ्यातला देवाचा दगड जागेवर राहणार आणि त्याला दिवा लावायला आपल्याला जाता येणार. वकिलाने एकेक कलम वाचून दाखवलं आणि सगळ्यांना वाटलं, आपण फार हुशार. विहीर राखली, वाट राखली, झाड राखलं, देव राखला. ऊन राखायचं कुणालाही सुचलं नाही. ज्या घराचा उन्हाळा उन्हावर उभा आहे, त्या घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात हे आलं नाही की ऊन पूर्वेकडून येतं.

एकाही म्हणजे एकाही पुरुषाच्या. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून एकदा विचारलं होतं, "उगवतीचंच कशाला देता? मागचं द्या." भाऊजी म्हणाले, "आई, मागच्याला रस्ता कुठाय? तुला नाही कळायचं त्यातलं." त्या आत वळल्या. सहीला मात्र त्या लागल्या, कारण सासरे गेल्यावर सात-बाऱ्यावर त्यांचंही नाव चढलं होतं. कागद आला तेव्हा त्या केळी सोलत होत्या. हात चिकट. भाऊजींनी मला हाक मारली, "जरा ओलं फडकं आण." मी आणलं. मीच त्यांची बोटं पुसली. पेन त्यांच्या हातात मीच दिलं. त्या उगवतीचं कशाला म्हणाल्या होत्या, ते मी कानाने ऐकलं होतं. मला तेव्हा वाटलं, म्हातारीचं आपलं काहीतरी. मला कळत नाही असं त्या धरून चालतात म्हणून मी इतकी वर्षं त्यांच्यावर जळत होते, आणि त्यांना कळत नाही हे भाऊजींनी म्हटल्यावर मला मनातून पटलंसुद्धा. याचा राग मी कुणावर काढणार?

मागच्या मे महिन्यात इमारत दुसऱ्या मजल्यावर होती, ऊन फार अडलं नव्हतं. या उन्हाळ्यापर्यंत सात मजले पुरे झाले. आता मांडवावर ऊन यायला अकरा वाजतात, आणि तीनला पश्चिमेच्या, आता उंच वाढलेल्या आंब्यांची सावली येते. चार तास. चार तासांत पापड वाळतो, राजेळी नाही. इमारतीच्या फाटकावर भला मोठा फलक लावलाय, त्यावर रंगीत अक्षरांत लिहिलंय, "भरपूर सूर्यप्रकाश". मी रोज दूध आणायला जाताना ते वाचते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या अंगणातलं ऊन उचलून त्यांनी वर नेलं आणि मजल्यामजल्याने विकलं. आम्ही देवाचा दगड सांभाळत बसलो.

एप्रिलमधली पहिली खेप चौथ्या दिवशी बुरसली. सासूबाईंनी ती केळीच्याच बुंध्याशी पुरली. दुसरी खेप घालताना मांडव उचलून अंगणभर फिरवला. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी, ऊन जाईल तिकडे मांडव. त्यांचं वय सत्तरीला टेकलेलं. तीही खेप गेली. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता येकच खेप. तीबी गेली तर राजेली काडून टाकायची. उगा पानी कशाला घालायचं?" म्हणजे मांडवच राहणार नव्हता. आणि माझ्या हातात तो अजून आलेला नव्हता. पहिल्या दोन्ही खेपांना तिसऱ्या दिवशी मी पुढे झाले की त्या म्हणत, "थांब, चांगली खेप होऊ दे. नासकीवर हात बसवू नको."

भाऊजींना त्या व्यवहारात इमारतीत पाचव्या मजल्यावर फ्लॅट मिळालाय. नालासोपाऱ्याची जागा सोडून ते मार्चमध्ये इथे राहायला आले. राहायला वर, जेवायला खाली. एके दिवशी जेवताना म्हणाले, "आई, गच्चीवर घाल की. दिवसभर ऊन असतं वर." जणू काही ते त्यांनीच पाडलंय. पण इलाज नव्हता. मी म्हटलं, सोसायटी ओरडेल. ते म्हणाले, "मी कमिटीवर आहे. माझ्यावर सोड."

सोडलं. शेवटचे घड पिकल्यावर आम्ही दोघींनी पहाटे केळी सोलली, सुपांत आणि पराती-ताटांत मांडली, आणि लिफ्टने चार फेऱ्या करून गच्चीवर नेली. सासूबाई लिफ्टमध्ये पहिल्यांदाच चढल्या, सूप छातीशी धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या. वर ऊन असं होतं की पाय ठेववत नव्हता. त्यांनी सगळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हां. हितं होतील." पहिला दिवस उत्तम गेला. संध्याकाळी केळ्यांवर जशी हवी तशी पातळ साय धरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर नेली, त्यांना सावलीला बसवून मी स्वयंपाकाला खाली आले. त्यांनाही मीच दहा वाजता खाली आणलं, कारण ऊन त्यांना सोसत नव्हतं. राखायला जाळी घातली होती. तेवढं पुरे, असं वाटलं.

संध्याकाळी वर गेले तर गच्चीवर खुर्च्या, झेंडूच्या माळा आणि पिवळं कापड. कुणाच्या तरी हळदीचा कार्यक्रम. आमची सुपं पाण्याच्या टाकीखाली एकावर एक रचलेली, वरून निळी ताडपत्री. वॉचमन म्हणाला, "मॅडम, डेकोरेशनवाले ग्यारा बजे आये. मैंने संभाल के रखा." त्याच्या मते त्याने चांगलंच केलं होतं. ताडपत्री काढली तर आत गदगदून ऊब आणि केळ्यांना घाम.

भाऊजी खाली जेवायला आले तेव्हा मी विचारलं, कार्यक्रमाचं तुम्हाला माहीत होतं का. ते म्हणाले, "ग्रुपवर आला होता मेसेज काल. सांगायचं राहिलं. अगं, एक दिवस ऊन नाही मिळालं तर एवढं काय होतंय?"

मी ताट वाढत होते. ते मी खाली ठेवलं. म्हटलं, "पन्नास वर्षं खाताय. डब्यात भरून नेताय, साहेबांना देताय, आमच्या आईच्या हातची म्हणून मिरवताय. दुसऱ्या दिवशी ऊन चुकलं तर काय होतं, हे तुम्हाला माहीत नाही? तुम्हाला फक्त सही कुठे घ्यायची ते माहीत आहे." नवरा म्हणाला, "अगं, आता झालं ते झालं." मी त्यालाही सोडलं नाही. म्हटलं, "बैल गेल्यावर झोपा करायलासुद्धा तुम्ही उठत नाही." मोठ्या दिराशी सून असं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. भाऊजी ताटावर बसलेच नाहीत. घरातल्या लेकरांनी टीव्हीचा आवाज कमी केला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पुरे. दूध उतू जातंय बग."

दूध खरंच उतू जात होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खेपेच्या तिसऱ्या दिवशी, आम्ही गच्चीवर गेलो नाही. अकरा वाजता ऊन आलं तेव्हा सासूबाईंनी सुपं अंगणातल्या मांडवावर आणली आणि केळी ओळीने मांडली. नेहमीसारख्या मांडवाच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. मी नेहमीसारखी लांब, पंखा घेऊन माश्या वारायला. मग त्या बाजूला झाल्या.

"ये," म्हणाल्या. "आज तू दाब."

मी म्हटलं, "आई, आज नको."

"आज नाय तर कंदी? पुडं खेप नाय."

मी पुढे झाले. सतरा वर्षं जिथे हात लावायचा नव्हता तिथे हात लावला. पहिलं केळं उचललं आणि अंगठ्याने दाबलं. वरून सगळी सारखीच दिसत होती, मधाळ, चकचकीत. पण अंगठा आत गेला तेव्हा खाली काहीतरी सैल लागलं, दाबल्यावर परत वर न येणारं. दुसरं दाबलं, तेही तसंच. तिसरं, चौथं. मी अख्खी ओळ दाबत गेले, एक तरी घट्ट लागेल म्हणून. त्या बघत होत्या, माझ्या तोंडाकडे नाही, अंगठ्याकडे.

"काय कलतंय?" त्यांनी विचारलं.

"आंबलीत," मी म्हटलं. "सगळी."

त्यांनी माझ्या हातातलं केळं घेतलं, स्वतः एकदा दाबलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, खरंच उजळला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "कलतंय तुला." आणि वाडीतल्या राजेळीकडे एकदा बघून कोयता आणायला आत गेल्या.